फ्रीसलंडच्या पाण्यावर भाड्याची पोलादी मोटरबोट : एक परीक्षण

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात तळी आणि कालवे एकमेकांत असे गुंतलेले आहेत की गावाच्या मधोमध बांधलेली बोट सोडावी, दोन तळी ओलांडावीत आणि लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटीला पलीकडे सोडणाऱ्या दोन दारांमधल्या हौदातून, बाहेर पडून आयसलमेर सरोवराच्या मोकळ्या पाण्यात जावे, हे एका दिवसात सहज जमते. स्नेक शहराच्या परिसरातली बोटींची अनेक यार्डे अशा भटकंतीसाठी केबिन असलेल्या मोटरबोटी आठवड्याच्या भाड्याने देतात. सोबत कप्तान मिळत नाही. बोट आपणच चालवायची असते. आम्ही पाच मित्रांनी अशी एक बोट घेतली होती. त्या बोटीचे आणि ती देणाऱ्या यार्डाच्या सेवेचे हे परीक्षण आहे. यार्डाचे नाव मात्र येथे दिलेले नाही. अशा बोटीकडून आणि अशा सेवेकडून कोणती अपेक्षा धरावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक मत नोंदवतो, कारण पुढचे सगळे त्यालाच धरून आहे. जाहिरातीत अशा बोटीचे इंजिन, तिच्या खाटा, तिचा टीव्ही यांची वर्णने असतात. पण भाड्याच्या बोटीचा कस लागतो तो ती थांबवताना. फ्रीसलंडमध्ये दिवसभरात सरळ चालण्याचे काम कोणीही करू शकतो. पूल उघडेपर्यंत आडव्या वाऱ्यात जागच्या जागी तिष्ठत राहणे, लॉकमध्ये इतरांना न घासता शिरणे आणि संध्याकाळी दोन बोटींच्या मधल्या अरुंद जागेत लागणे ही खरी कामे आहेत. या कसोटीवर आमची बोट चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, यार्डाची सेवा मात्र काठावर.

परवान्याचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, म्हणून तो आधीच निकालात काढतो. नेदरलँड्समध्ये पंधरा मीटरपेक्षा कमी लांबीची आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने न जाऊ शकणारी खासगी बोट चालवण्यासाठी परवाना लागत नाही. भाड्याच्या जवळजवळ सगळ्या बोटी या दोन मर्यादांच्या आत बसवलेल्या असतात, त्यामुळे आयुष्यात कधी सुकाणू न धरलेल्या माणसाच्या हातातही दहा टनांची बोट सोपवली जाते. कायद्याने ते योग्य असेलही. मात्र त्यामुळे शिकवण्याची सगळी जबाबदारी यार्डावर येऊन पडते, आणि आमची तक्रार नेमकी तिथेच आहे.

बोट सुमारे साडेअकरा मीटर लांब, पोलादी, गोलसर बुडाची आणि मागच्या बाजूला वेगळी केबिन असलेली होती. या भागात पोलादाचा इतका आग्रह का, हे पहिल्याच लॉकमध्ये कळते. लाकडी खुंट, दगडी काठ, शेजारच्या बोटीचा कोपरा, कशाला ना कशाला बोट टेकतेच. फायबरच्या बोटीवर जिथे तडा गेला असता, तिथे पोलादावर रंगाचा ओरखडा उठतो. वजनामुळे ती वाऱ्याने लगेच भरकटत नाही, पण एकदा भरकटू लागली की आवरायलाही तितकाच वेळ घेते. इंजिन डिझेलचे, आवाज बेताचा. अशा बोटीचा वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीने ठरतो: दहा मीटर लांबीला तो ताशी साधारण चौदा किलोमीटर भरतो, आणि त्यापुढे कितीही थ्रॉटल दिले तरी मागची लाट मोठी होते, डिझेल जळते, बोट मात्र तेवढीच चालते. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण इथल्या बहुतेक जलमार्गांवर ताशी नऊ किलोमीटरची मर्यादा आहे, गावांतून ती आणखी खाली येते आणि मोठ्या प्रिन्सेस मार्ग्रीट कालव्यावरही ती साडेबाराच आहे. नऊच्या वेगाला आमचे इंजिन ताशी तीन-चार लिटर डिझेल घेत होते आणि अर्ध्या ताकदीवर शांतपणे घुमत होते. इंजिनाबाबत याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही, आणि ती त्याची स्तुतीच समजावी.

जाहिरातीत सहा जणांची सोय लिहिलेली होती. ती कागदावर खरी आहे. मागच्या केबिनमध्ये दोघे, नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, केबिनमध्ये दोघे आणि बैठकीचे टेबल खाली करून त्यावर गाद्या अंथरल्या की आणखी दोघे, असा तो हिशेब आहे. नाळेकडची खाट पायाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे तिथे झोपणाऱ्या दोन उंच माणसांचे पाय रात्रभर हातघाईवर येतात. बैठकीत झोपणाऱ्याला सगळ्यांच्या आधी उठावे लागते, कारण त्याची खाट आवरल्याशिवाय चहाला टेबल मिळत नाही. आमचे मत विचाराल तर ही बोट चौघांची आहे. पाच जण समजूतदार असतील तर निभावते. सहा जणांनी पुढच्या मापाची बोट घ्यावी. शौचालये दोन होती. मित्रांच्या सहलीत दुसऱ्या शौचालयाचे मोल दुसऱ्या खोलीपेक्षा अधिक असते, हे इथे स्पष्टपणे लिहून ठेवतो.

आता ताबा देण्याच्या प्रसंगाकडे येतो. यार्डाचा माणूस अतिशय सौजन्याने वागला. तेलाची पातळी कशी पाहायची, गॅसची चावी कुठे आहे, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीत अडकलेले शेवाळ कसे काढायचे, शौचालयाचा पंप कसा वापरायचा, हे त्याने क्रमाने दाखवले आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आमच्याकडून खूण करवून घेतली. पाण्यावर मात्र बोट यार्डाच्या तोंडापर्यंत नेणे, एक वळण घेणे आणि परत येणे एवढ्यावर भागले. म्हणजे सांडपाण्याची टाकी समजावण्यात जितका वेळ गेला, त्याच्या निम्माही वेळ बोट लावण्याच्या शिकवणीला मिळाला नाही. आमच्यापैकी एकाला पूर्वीचा अनुभव होता म्हणून प्रश्न आला नाही; शेजारच्या बोटीवरच्या मंडळींकडे तसा कोणी नव्हता, आणि त्यांची जी धांदल उडाली ती पाहून आमचाच जीव वरखाली होत होता.

काय शिकवायला हवे होते? निदान दोन गोष्टी. पहिली अशी की एका पंख्याची, म्हणजे एकाच प्रोपेलरची, बोट मागे घेताना सरळ मागे जात नाही. उजवीकडे फिरणारा पंखा उलट फिरवला की बोटीची मागची बाजू डावीकडे ओढली जाते. हे ठाऊक असेल तर डावी बाजू धक्क्याला लावणे सोपे जाते: नाळ थोडी आत घालून जवळ जावे, मग मागचा गिअर टाकावा, की बोट थांबता थांबता मागची बाजू आपोआप धक्क्याला येऊन टेकते. ठाऊक नसेल तर माणूस सुकाणूशी झगडत राहतो, आणि मागे जाताना कमी वेगात सुकाणूचा उपयोग जवळजवळ नसतो. दुसरी गोष्ट मधल्या खुंटीची. बोटीच्या मध्यावरच्या खुंटीवरून मागे धक्क्याकडे एक दोर घ्यावा, तो बांधावा आणि इंजिन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवावे. बोट त्या दोरावर ताणून धक्क्याला चिकटून उभी राहते आणि बाकीचे दोर निवांतपणे बांधता येतात. वारा धक्क्याकडून पाण्याकडे वाहत असताना या एका दोराने जे काम होते ते चार माणसांच्या ओढाताणीने होत नाही. आमच्या बोटीला मध्यावर भक्कम खुंटी होती, हा तिचा मोठा गुण. पण तिचा उपयोग यार्डाच्या माणसाने सांगितला नाही आणि माहितीपुस्तिका डच व जर्मन या दोनच भाषांत होती.

नाळेला छोटा आडवा पंखा, म्हणजे बो-थ्रस्टर, बसवलेला होता. त्याचे बटण दाबले की घरघर करत नाळ बाजूला सरकते. नवख्यांना तो तारणहार वाटतो, पण त्याची मोटर लवकर तापते आणि काही सेकंदांपलीकडे सलग चालवू नये. शिवाय जोराच्या आडव्या वाऱ्यात त्याची ताकद अपुरी पडते. आम्ही तो छोट्या झटक्यांनी वापरला आणि त्याने साथ दिली. त्याच्या भरवशावर कोपऱ्यात शिरू नये, एवढेच.

पुलांचा अनुभव या प्रवासातला सर्वांत रंगतदार भाग आहे. बोटीच्या सुकाणूजवळ पाण्यापासूनच्या तिच्या उंचीचा आकडा लिहिलेली पट्टी चिकटवलेली होती, ही यार्डाची दूरदृष्टी मान्य करावी लागेल. त्याहून ठेंगणा पूल आला की तो उघडण्याची वाट पाहावी लागते. पुलावरचा एक लाल दिवा म्हणजे थांबा. लालसोबत हिरवा लागला म्हणजे पूल आता उघडणार, तयारीत राहा. नुसता हिरवा म्हणजे चला. आणि एकावर एक दोन लाल म्हणजे पूल बंद, आज आशा सोडा किंवा फळ्यावरची वेळ वाचा. अनेक पूल दुपारी जेवणाच्या सुमारास आणि संध्याकाळच्या रहदारीत उघडत नाहीत, त्यामुळे मार्ग आखताना अंतरापेक्षा पुलांच्या वेळा महत्त्वाच्या ठरतात. लाल दिव्यापुढे सात-आठ बोटी घोटाळत असतात, वारा त्यांना एकमेकांवर ढकलत असतो, आणि अशा वेळी पाव गिअर पुढे, पाव गिअर मागे करत बोट जागेवर ठेवणे हीच खरी परीक्षा. आमची बोट हळू वेगातही सुकाणूला उत्तर देत होती. वाऱ्याकडे पाठ केली की ती अधिक शांत उभी राहते, हे थोड्याच वेळात ध्यानात आले.

काही गावांत पुलाचा पथकर अजूनही जुन्या पद्धतीने घेतला जातो. पूलवाला गळाच्या काठीला दोरीने एक लाकडी बूट टांगून तो पाण्यावर सोडतो आणि आपण जाता जाता त्यात नाणी टाकायची असतात. पाहायला ही मौज आहे. करायला चांगलीच कठीण. बोट उघड्या पुलातून माणसाच्या चालीने सरकत असते, बूट वाऱ्यावर हेलकावत असतो, कठड्याशी उभा असलेला मित्र एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बूट धरून दोन-तीन युरोची नाणी आत सोडतो, आणि मागे रांगेतल्या बोटीची नाळ जवळ येत असते. आमच्यातल्या एकाने हे काम स्वतःहून अंगावर घेतले आणि ते दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. सुट्टी नाणी सुकाणूजवळच्या वाटीत काढून ठेवावीत. कुठे कुठे आता कार्डही चालते.

प्रिन्सेस मार्ग्रीट कालवा, जो १९५१ मध्ये खुला झाला, हे वेगळेच प्रकरण आहे. लेमरपासून ईशान्येकडे ग्रोनिंगेनच्या दिशेने जाणाऱ्या या मार्गावर शंभर मीटरहून लांब मालवाहू जहाजे चालतात. नियम सरळ आहे: वीस मीटरपेक्षा लहान बोटींनी त्यांना वाट द्यायची. अशा जहाजाच्या सुकाण्याला त्याच्या नाळेपुढचा बराच पट्टा दिसतच नाही, तेव्हा त्याच्या पुढून घाईने आडवे जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे. उजव्या काठाने चालावे आणि जहाज शेजारून जाताना पाणी आधी बोटीला ढकलते व मग ओढते, त्यासाठी सुकाणू घट्ट धरावे. तळ्यांवर शिडाच्या बोटींची गर्दी असते आणि सामान्यतः मोटरबोटीने त्यांना वाट द्यायची असते. जलवाहतुकीच्या नियमांची प्रत बोटीवर असणे कायद्याने बंधनकारक आहे; यार्डाने ती दिली होती, पण चाळण्याजोगी, वाचण्याजोगी नव्हे. निघण्यापूर्वी चिन्हे आणि दिव्यांचा अभ्यास घरी करून जाणे हाच मार्ग.

लेमर आणि स्टाव्होरन येथे लॉकमधून आयसलमेरमध्ये उतरता येते. उतरता येते हा शब्दप्रयोग खरे तर उलटा आहे, कारण फ्रीसलंडच्या कालव्यांचे पाणी समुद्रसपाटीच्या डच मोजमापाखाली सुमारे अर्धा मीटर राखलेले असते आणि उन्हाळ्यात बाहेरच्या सरोवराचे पाणी त्याहून साधारण फूटभर वर असते. म्हणजे बाहेर जाताना लॉकमध्ये बोट वर चढते. जास्तीचे पाणी बाहेर उपसावे लागते ते यामुळेच. लेमरजवळचे वौदाखेमाल हे वाफेवर चालणारे पंपगृह त्यासाठीच १९२० मध्ये सुरू झाले, १९९८ पासून ते जागतिक वारसा आहे आणि अतिवृष्टीच्या काळात आजही त्याच्या भट्ट्या पेटवल्या जातात. लॉकमध्ये दोर खुंटीला बांधून टाकू नये, एक वेढा देऊन हातात धरावा, कारण पाण्याबरोबर बोट हलणार असते. पातळीतला फरक थोडा असल्यामुळे इथले लॉक नवख्यांना शिकण्यासाठी फार चांगले आहेत.

आयसलमेर हा पूर्वी समुद्रच होता. कॉर्नेलिस लेली या अभियंत्याच्या आराखड्यानुसार बांधलेला ३२ किलोमीटरचा आफस्लाउटडाइक बंधारा १९३२ मध्ये पुरा झाला आणि दक्षिणेकडचा समुद्र गोड्या पाण्याचे सरोवर बनला. हिंडेलोपन, स्टाव्होरन ही एके काळची सागरी बंदरे तेव्हापासून तळ्याकाठची गावे झाली. पाणी गोडे झाले तरी त्याचा स्वभाव मऊ झाला नाही. सरोवर उथळ आहे, सरासरी खोली चार-पाच मीटरच. वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, आणि आमच्यासारखी गोल बुडाची बोट आडव्या लाटेत अशी डोलते की कपाटातली भांडी जमिनीवर येतात. करारात वाऱ्याचा जोर बोफोर्ट या वाऱ्याच्या मापावर चारपेक्षा अधिक असल्यास सरोवरात जाण्यास मनाई होती, आणि जाण्याआधी यार्डाला फोन करण्याची अट होती. आफस्लाउटडाइकच्या पलीकडच्या भरती-ओहोटीच्या वाडन समुद्रात तर कोणत्याही हवेत जाता येणार नव्हते. सहप्रवाशांपैकी दोघांना ही अट जाचक वाटली. मला ती रास्त वाटते. ओहोटीला जिथे वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे पाण्याच्या वेळा न वाचता येणाऱ्या माणसाने भाड्याची बोट नेऊ नये.

पण अट घालणाऱ्याने तिच्याबरोबर साधनेही द्यायला हवीत. आमच्या बोटीवर इतर बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ नव्हता, सरोवराचा छापील नकाशा मागून घ्यावा लागला, आणि दुर्बीण होती तिची एक बाजू धुरकट होती. आतल्या कालव्यांसाठी हे चालून जाते; किनाऱ्यालगतच्या मोकळ्या पाण्यासाठी चालत नाही. मोबाइलवर ११२ क्रमांक लागतो, आणि १८२४ पासून काम करणारी केएनआरएम ही डच जलबचाव संस्था देणग्यांवर चालते व संकटातून सोडवण्याचे पैसे घेत नाही, हे ठाऊक असल्याने थोडा धीर होता. तरीही रेडिओ हवाच होता.

स्टाव्होरनच्या दक्षिणेला नकाशावर फ्राउवझांड नावाचा वाळूचा उथळ पट्टा दिसतो. त्याची दंतकथा गावात सगळे सांगतात: एका गर्विष्ठ श्रीमंत विधवेने आपल्या कप्तानाला जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू आणायला धाडले, त्याने गहू आणला, आणि तिने रागाने सगळा गहू पाण्यात ओतायला लावला, पुढे ती कंगाल झाली आणि बंदराच्या तोंडाशी वाळू साचली. बंदरावर तिचा पुतळा आहे. कप्तानासाठी कथेपेक्षा बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, महत्त्वाचे: आमच्या बोटीचे बूड पाण्याखाली मीटरभर जात होते आणि पट्ट्यावर काही ठिकाणी त्याच्या आसपासच पाणी असते, तेव्हा गव्हाचा विचार बोये ओलांडल्यानंतर करावा. शांत हवेत लेमरहून स्टाव्होरनपर्यंतचा तो मोकळा पल्ला हा आमच्या साऱ्या फिरण्यातला सर्वोत्तम भाग होता, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. योहान फ्रिसो लॉकमधून पुन्हा कालव्यात शिरलो तेव्हा सगळ्यांनाच थोडे चुकल्यासारखे झाले.

मुक्कामाच्या बाबतीत फ्रीसलंडसारखा उदार प्रांत विरळाच. मारेक्रिटे नावाची सार्वजनिक संस्था तळ्यांच्या आणि कालव्यांच्या काठी, लव्हाळ्यांच्या बेटांत, बोट बांधण्याच्या जागा राखते आणि तिथे सलग तीन दिवसांपर्यंत फुकट राहता येते. वीज नाही, नळ नाही. खुंट, फळ्यांचा काठ आणि गवत. तिचा छोटा झेंडा विकत घेऊन नाळेवर लावला की आपलाही हातभार लागतो. बोटीच्या बॅटऱ्या रात्रभर फ्रिज आणि दिवे चालवून सकाळी इंजिन सुरू करण्याइतक्या शिल्लक राहत होत्या, आणि हे मी बोटीच्या जमेच्या बाजूला ठळकपणे मांडतो. गावातल्या बंदरांत बोटीच्या लांबीप्रमाणे भाडे पडते, आणि विजेचे व स्नानाचे पैसे बऱ्याचदा वेगळे. फ्रीसलंडच्या ऐतिहासिक अकरा शहरांपैकी स्लोटन हे सर्वांत लहान, काही शेकडा वस्तीचे. एका कालव्याच्या दोन्ही काठांवर ते संपूनही जाते. गोठलेल्या कालव्यांवरून याच अकरा शहरांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंग शर्यत १९९७ नंतर बर्फाअभावी झालेली नाही, ही आठवण गावोगावी निघते.

सांडपाण्याची टाकी हा अप्रिय पण अटळ विषय. २००९ पासून डच पाण्यात शौचालयाचे पाणी सोडण्यास बंदी आहे, म्हणून ते टाकीत साठवून बंदरातल्या पंपाने उपसावे लागते. आमच्या टाकीचा काटा पहिल्यापासून अर्ध्यावरच अडकलेला होता. यार्डाला फोन केला तेव्हा ‘अंदाजाने रिकामी करा’ असे उत्तर मिळाले. पाच माणसांच्या टाकीचा अंदाज कसा करतात, हे त्यांनी सांगितले नाही. एका साध्या काट्यामुळे दर दोन दिवसांनी बंदराची वाट धरावी लागली. आधीच्या भाडेकरूंनीही हे सांगितले असणारच. दोन भाड्यांच्या मधल्या दिवसात ते दुरुस्त करणे अवघड नव्हते.

स्वयंपाकघराबाबत थोडक्यात: चार शेगड्यांचा गॅस चांगला, चाकू बोथट, भांडी पुरेशी. हीटर चालू होता आणि वसंतातल्या रात्रींना त्याची गरज पडते. बोटीच्या कडेला टांगायचे, धक्क्याचा मार झेलणारे फेंडर मात्र एका बाजूपुरते तीनच होते. दोन्ही बाजूंना पुरतील इतके नसल्याने लॉक आला की एकाला ते उचलून पलीकडे नेत पळावे लागे.

मित्रांबरोबर बोट घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा निकाल धक्का सोडण्यापूर्वीच लावावा: बोट लावताना आज्ञा कोणाची? चालवण्याच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या होत्या, पण लावताना सुकाणूवर जो असेल त्याचाच शब्द अखेरचा आणि बाकीच्यांनी सूचना गिळायच्या, असे ठरले होते. इंजिनाच्या आवाजात नाळेवरच्या माणसाचे बोलणे मागे ऐकू येत नाही, म्हणून बोटांनी अंतर दाखवायची खूण ठरवली: पाच बोटे म्हणजे पाच मीटर, मूठ म्हणजे थांब. मैत्री टिकवायला या खुणांचा फार उपयोग झाला. बोट धक्क्यावर आदळेल असे वाटले तरी हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही, हा नियम मात्र कोणाच्याही पाळीत बदलायचा नाही. दहा टनांपुढे पाय टिकत नाही आणि फेंडर त्यासाठीच असतात. धक्क्यावर उडी मारायची नाही, पाऊल टाकता येईल एवढी बोट जवळ आली तरच उतरायचे. सुकाणू धरणाऱ्याला मद्याची मर्यादा रस्त्यावरच्या चालकाइतकीच, म्हणजे रक्तात दर हजारी अर्धा भाग, लागू आहे. संध्याकाळची मैफल दोर बांधून झाल्यावरच सुरू करावी. यार्डाने दिलेली जीवरक्षक जाकिटे फोमची आणि जाड होती, त्यामुळे कालव्यांत कोणी घालत नसे. सरोवरात मात्र सगळ्यांनी घातली. हवेने फुगणारी, अंगाला हलकी जाकिटे भाड्यात ठेवली असती तर ती कालव्यांतही घातली गेली असती.

खर्चाच्या बाबतीत करार नीट वाचावा. आठवड्याच्या भाड्यात डिझेल धरलेले नव्हते. ते इंजिनाच्या तासांप्रमाणे मोजले गेले, आणि तो दर प्रत्यक्ष वापरापेक्षा थोडा चढा होता. शेवटची साफसफाई वेगळी, अनामत रक्कम वेगळी, आणि विम्यात पहिल्या ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान भाडेकरूने भरायचे. जुलै-ऑगस्टमध्ये भाडे चढते आणि पुलांपुढच्या रांगाही वाढतात. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे महिने पैशांच्या आणि गर्दीच्या दोन्ही दृष्टींनी बरे. परतीच्या सकाळी यार्डाच्या माणसाने बोटीभोवती फेरी मारली, रंगावरचे ओरखडे पाहिले, ताब्याच्या वेळी आम्ही काढलेली छायाचित्रे पाहिली आणि अनामत पूर्ण परत केली. त्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

बोटीला पाचपैकी साडेचार गुण देतो, सेवेला तीन. हीच बोट मी पुन्हा घेईन. मात्र त्या वेळी आरक्षण करतानाच लेखी विचारीन की टाकीचा काटा चालतो का, दोन्ही बाजूंना पुरतील इतके फेंडर आहेत का, सरोवरासाठी रेडिओ मिळेल का, आणि ताबा देताना वाऱ्यात बोट लावण्याचा तासभर सराव करून घेतला जाईल का. त्या तासाचे वेगळे पैसे लागले तरी ते देण्याची माझी तयारी आहे.